आरईएम ऐकायचंय? मग पहिल्या अल्बमपासून सुरू करू नका

मँडोलिनवालं 'लूझिंग माय रिलिजन' सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि बऱ्याच जणांचं आरईएम, म्हणजे तो अमेरिकन रॉक बँड, तिथेच सुरू होऊन तिथेच संपतं. मग कोणीतरी उत्साहात पहिला अल्बम लावतो, १९८३ चा 'मर्मर', गायक काय पुटपुटतोय ते कळत नाही आणि १० मिनिटांत बंद. माझंही सेम झालेलं म्हणून सांगतोय, एकूण १५ स्टुडिओ अल्बम आहेत, नंबरवार जायचं नाही.

आधी 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' लावा, १९९२ चा. रात्री, हेडफोन घालून, शफल बंद करून, सलग. विषय मरण, वय, हातातून निसटलेले दिवस असले, तरी रडकं वाटत नाही. ४ गाण्यांत व्हायोलिन-चेलो वगैरेची अरेंजमेंट लेड झेपलिन या रॉक बँडच्या जॉन पॉल जोन्सने केलीये. आणि एवढ्या गंभीर अल्बमचं नाव कुठून आलं, तर त्यांच्या गावातल्या, म्हणजे जॉर्जिया राज्यातल्या अथेन्सच्या, एका साध्या खानावळीच्या ब्रीदवाक्यावरून! 'एव्हरीबडी हर्ट्स'ची तर गंमतच आहे, गाणं बरंचसं ड्रमर बिल बेरीचं आणि ठेका मात्र ड्रम मशीनचा.

मग ते मँडोलिनवालं परत, पण या वेळी व्हिडिओसकट. दिग्दर्शक आपल्या जालंधरचा तरसेम सिंग. धर्माबिर्माचा काही संबंध नाही हां, अमेरिकेच्या दक्षिण भागात 'लूझिंग माय रिलिजन' म्हणजे संयम सुटणं, डोकं फिरायची वेळ येणं. गिटारिस्ट पीटर बक तेव्हा मँडोलिन नुकताच शिकत होता, आणि धड कोरस नसलेलं ते गाणं १९९१ मध्ये बिलबोर्डच्या अमेरिकन चार्टवर ४ नंबरला गेलं.

आता 'मर्मर'. इथे एकच नियम, लिरिक्स शोधायचे नाहीत. गायक मायकल स्टाइपचा आवाज हे अजून एक वाद्य आहे असं समजा आणि कान माइक मिल्सच्या बेस गिटारवर ठेवा, बऱ्याच ठिकाणी खरी चाल बेसच पुढे नेतो, शिवाय मागून येणारा तो दुसरा आवाजही मिल्सचाच. बक मोठे कॉर्ड झोडत बसत नाही, एकेक तार सुटी छेडतो, सोलोची हौस तर जवळपास नाहीच. हे डोक्यात ठेवून ऐकलं की तिसऱ्या-चौथ्या वेळी काहीतरी उघडतं. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' जोरात असताना रोलिंग स्टोन मासिकाने वर्षाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून हा निवडला होता, उगाच नाही.

शब्दच हवे असतील तर 'लाइफ्स रिच पेजंट' (१९८६), कारण तिथे प्रोड्युसर डॉन गेमनने स्टाइपच्या मागे लागून त्याला स्पष्ट गायला लावलं. त्याच्या पुढचा 'डॉक्युमेंट' पण घ्या.

माझा सगळ्यात लाडका 'न्यू ॲडव्हेंचर्स इन हाय-फाय', १९९६ चा. बराचसा १९९५ च्या टूरवर, साउंडचेकमध्ये वगैरे रेकॉर्ड केलेला, म्हणून त्यात प्रवासाचा थकवा आणि मोकळेपणा दोन्ही आहे. त्याच टूरवर स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये स्टेजवर असताना बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. वाचला, बरा झाला, परत वाजवलं, पण १९९७ मध्ये बँड सोडून चक्क शेती करायला गेला. गाणी कोणीही लिहिली तरी श्रेय चौघांच्या नावावर जायचं अशी ही मंडळी, त्यामुळे एक गेल्यावर घडी बदललीच. 'अप' (१९९८) ऐकताना ती मोकळी जागा जाणवते, ऐकाच. 'अराउंड द सन' हा अल्बम मी सोडून देतो.

२०११ मध्ये भांडणं वगैरे न करता थांबले. जून २०२४ मध्ये साँगरायटर्स हॉल ऑफ फेमच्या कार्यक्रमात चौघांनी मिळून तेच मँडोलिनवालं गाणं वाजवलं, तो व्हिडिओ मात्र हे सगळं ऐकून झाल्यावर बघा, आधी नको.