ब्रेन ट्यूमरचे मार्कर वाचताना या चुका टाळा

सगळ्यात आधी एटीआरएक्स, म्हणजे पेशीच्या न्यूक्लियसमधल्या एका प्रोटीनचा स्टेन, कारण ही चूक बघून माझं डोकं फिरतं. ग्लायोमाच्या (मेंदूतल्या आधार देणाऱ्या ग्लियल पेशींच्या ट्यूमरच्या) पेशींच्या न्यूक्लियसमध्ये रंग दिसला नाही की लगेच 'लॉस', म्हणजे प्रोटीन गेलं, असं लिहून मोकळे. अरे, त्याच स्लाइडवरच्या रक्तवाहिन्या बघा ना आधी! त्यांच्या अस्तराच्या पेशी नॉर्मल असतात, त्यांचे न्यूक्लियस तपकिरी यायलाच हवेत, तेही कोरे असतील तर स्टेन फेल गेलाय, ट्यूमरबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

आमच्याकडे बाहेरून एक ब्लॉक (मेणात बसवलेला टिश्यूचा तुकडा) रिव्ह्यूला आला होता, तिशीतली बाई, फ्रंटल लोबचा ट्यूमर, रिपोर्टात आयडीएच पॉझिटिव्ह (म्हणजे आयडीएच जीनमध्ये म्यूटेशन) आणि एटीआरएक्स लॉस, म्हणून निदान ग्लायोमाच्या एका प्रकाराचं, अ‍ॅस्ट्रोसायटोमा. सोबतची स्लाइड बघितली तर रक्तवाहिन्याही कोऱ्या. चौकशी केल्यावर कळलं की तुकडा ऑपरेशननंतर बराच वेळ सलाइनमध्येच पडून होता, फॉर्मलिनमध्ये उशिरा गेला. ब्लॉकमधला बरा फिक्स झालेला भाग शोधून स्टेन परत लावला, एटीआरएक्स शाबूत! मग फिश (क्रोमोसोमचे भाग चमकवून दाखवणारी टेस्ट) करून १पी/१९क्यू, म्हणजे १ आणि १९ नंबरच्या क्रोमोसोमचा एकेक हात बघितला, दोन्ही डिलीट, म्हणजे हा ग्लायोमाचा वेगळाच प्रकार, ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. पुढच्या आयुष्याचा अंदाजच बदलला, आणि घरच्यांना तोवर भलतंच सांगून झालेलं. मी तर एटीआरएक्सच्या स्लाइडवर आधी रक्तवाहिनी शोधते, ती तपकिरी दिसल्याशिवाय ट्यूमरकडे जातच नाही. नवीन मुलांना एवढाही धीर नसतो.

दुसरं, केआय-६७ (विभाजनाच्या मार्गावरच्या पेशी रंगवणारा मार्कर) चा आकडा बघून ग्रेड देणं. डिफ्यूज (आजूबाजूच्या मेंदूत पसरणाऱ्या) ग्लायोमात डब्ल्यूएचओने केआय-६७ ची ठरावीक रेघ आखलेलीच नाही, मग 'दहा टक्के म्हणजे ग्रेड ३' हे कुठून येतं? लिम्फोसाइट आणि मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशीही रंगतात, तेही मोजले की आकडा फुगतो. मेनिन्जिओमातही (मेंदूच्या आवरणाच्या ट्यूमरमध्ये) आधी मायटोसिस, म्हणजे विभागत असलेल्या पेशी मोजा, १० हाय पॉवर फील्डमध्ये (मायक्रोस्कोपच्या मोठ्या लेन्समधून एका वेळी दिसणाऱ्या भागांत) ४ ते १९ असतील तर ग्रेड २, २० किंवा जास्त असतील तर ग्रेड ३. कंटाळवाणं काम आहे, पण केआय-६७ हा त्याला शॉर्टकट नाही, तो फक्त सगळ्यात जास्त मायटोसिस कुठे सापडतील ते दाखवायला वापरा.

आयडीएच१ आर१३२एच अँटीबॉडीचा स्टेन निगेटिव्ह म्हणून 'वाइल्डटाइप' (म्यूटेशन नसलेला) लिहू नका, ही अँटीबॉडी एकच म्यूटेशन पकडते, बाकीची सुटतात. पेशंट ५५ च्या आतला असेल तर सिक्वेन्सिंग (जीनचा क्रम वाचणारी टेस्ट) कराच.

जीएफएपीवरून (ग्लियल पेशींच्या प्रोटीनच्या स्टेनवरून) ग्रेड कळत नाही. बस.

आणि डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या वर्गीकरणानंतरही काहीजण फक्त स्टेनवर रिपोर्ट संपवतात. मोठ्या माणसातला डिफ्यूज, आयडीएच-वाइल्डटाइप अ‍ॅस्ट्रोसायटोमा स्लाइडवर कितीही शांत दिसू दे, टर्ट जीनच्या प्रमोटरमध्ये (जीन चालू करणाऱ्या भागात) म्यूटेशन, ईजीएफआर जीनचं अ‍ॅम्प्लिफिकेशन (जीनच्या जादा कॉपी) किंवा ७ नंबरचं क्रोमोसोम वाढलेलं आणि १० नंबरचं गेलेलं, यातलं एक जरी सापडलं तरी तो ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४. या टेस्टना टिश्यू लागतो, म्हणून छोटी बायोप्सी असेल तर पहिल्याच कटिंगला जादा अनस्टेन्ड (न रंगवलेल्या) स्लाइड काढून ठेवा, ब्लॉक परत परत मशीनवर चढवला की दर वेळी ट्रिमिंगमध्ये टिश्यू वाया जातो.