इंदूरच्या व्यापाऱ्याला लोकसभा लढवायची असेल तर

फॉर्म आणण्याआधी वह्या काढून बसा आणि केंद्र सरकारच्या चालू ऑर्डरी शोधा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 9अ प्रमाणे केंद्राला माल पुरवण्याचा किंवा केंद्राचं काम करण्याचा तुमचा ठेका चालू असेल, तर तुम्ही अपात्र. रेल्वेचा पुरवठा, महूच्या लष्करी छावणीतलं बांधकाम यात आलं. राज्याच्या पीडब्ल्यूडीचं काम लोकसभेला आड येत नाही. ठेका भागीदारीच्या पेढीचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. भंडाऱ्याहून उभे राहिलेले चतुर्भुज जसानी ज्या पेढीत भागीदार होते, ती सरकारला बिड्या पुरवत होती. तेवढ्यावरून 1954 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना अपात्र ठरवलं. छाननीच्या तारखेआधी तुमच्या बाजूचं काम पुरं करा. सगळा माल पोचलाय आणि फक्त बिल सरकारकडे अडकलंय, तर हरकत नाही.

मग नमुना 26 चं शपथपत्र. स्वतःचे, जोडीदाराचे, एकत्र कुटुंबाचे आणि अवलंबितांचे पाच वर्षांच्या रिटर्नमधले उत्पन्नाचे आकडे लागतात. बाजारात अडकलेली उधारीही दाखवावी लागते, ती व्यापारी हमखास विसरतात. रकाना कोरा नको, 'निरंक' लिहा. सांगूनही कोरा राहिला तर अर्ज बाद होऊ शकतो.

अपक्षाला दहा सूचक, म्हणजे अर्जावर सही करून तुमचं नाव सुचवणारे मतदार, लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक. सूचक इंदूर मतदारसंघाचेच मतदार हवेत. इथे गंमत अशी की महू इंदूर जिल्ह्यात असलं तरी लोकसभेला धारमध्ये जातं, तेव्हा महूचा साडू सूचक म्हणून चालणार नाही. तुमचंच नाव महूच्या यादीत असेल तर उभं राहता येतं, फक्त यादीची प्रमाणित प्रत जोडा. अनामत 25,000 रुपये, रोख किंवा ट्रेझरीचं चलन. चेक घेत नाहीत. शेवटच्या दिवशी दुपारी 3 नंतर काहीही स्वीकारत नाहीत, पक्षाचे ए-बी फॉर्मसुद्धा, म्हणजे तुम्ही पक्षाचे अधिकृत उमेदवार आहात हे सांगणारे कागद. आणि त्यांवर शाईची मूळ सही हवी, झेरॉक्स नको.

अर्जाच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा. दुकानाच्या करंट खात्यातून परस्पर बिलं भागवू नका. खर्चाची मर्यादा 95 लाख. एका व्यक्तीला रोखीने 10,000 पर्यंतच. स्वतःच्या गोदामातलं कापड किंवा पेढीची गाडी वापरलीत तर तिचीही किंमत बाजारभावाने हिशेबात धरा. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा, हरलात तरी. न दिल्यास निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.