गोष्टीतून संस्कार करताना या चुका टाळा: संडे स्कूलचे शिक्षक आणि पालकांसाठी

गोष्ट संपते न संपते तोच प्रश्न येतो, "मग मुलांनो, यातून आपण काय शिकलो?" मुलं तयारच असतात. खोटं बोलू नये, आईबाबांचं ऐकावं, देवावर विश्वास ठेवावा. या तीन उत्तरांवर वर्षभराचे पाठ निभतात आणि त्यासाठी गोष्ट ऐकावीही लागत नाही. शिक्षकाला वाटतं पाठ झाला. मुलांना कळतं की गोष्ट हा वेळकाढूपणा आहे, खरं काम शेवटच्या वाक्यात आहे.

तात्पर्याची घाई

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीने होतं. ऑस्कर वाइल्डची 1888 सालची स्वार्थी राक्षसाची गोष्ट घ्या. ख्रिस्ती वर्गात ती हमखास वाचली जाते आणि हमखास वाया जाते. राक्षस सात वर्षांनी घरी परततो, बागेत खेळणाऱ्या मुलांना हाकलतो, उंच भिंत बांधतो. बागेतून हिवाळा हलत नाही. इथेच पुस्तक मांडीवर उपडं ठेवून शिक्षक विचारतात, "बघा, स्वार्थीपणा केला की काय होतं?" पुढची गोष्ट मग शिक्षेनंतरच्या माफीसारखी वाचली जाते.

पण या गोष्टीचा जीव क्रमात आहे. मुलं भिंतीच्या भगदाडातून न विचारता आत शिरतात आणि वसंत त्यांच्यासोबत येतो. राक्षस ते खिडकीतून बघतो आणि तेव्हा त्याचं मन विरघळतं. कोपऱ्यात रडणाऱ्या लहानग्याला तो फांदीवर बसवतो. भिंत पाडायची कुऱ्हाड त्यानंतर हातात येते. कुणी त्याला रागावलेलं नसतं. म्हणून विचारायचा प्रश्न असा: "भिंत पाड, असं त्याला कुणी सांगितलं?" मुलं पानं मागे उलटतात, शोधतात, कुणीच सापडत नाही. मग दुसरा प्रश्न: "मुलं आत यायच्या आधी कुणी सांगितलं असतं, तर त्याने पाडली असती?" एवढं पुरतं. कृपा आधी येते आणि माणूस नंतर बदलतो, हे वाक्य उच्चारायची गरजही पडत नाही.

शेवट राक्षसाच्या मृत्यूचा आहे म्हणून तो गाळणारेही पुष्कळ. गाळू नका. तो लहानगा परत येतो तेव्हा त्याच्या तळहातांवर आणि पायांवर खिळ्यांच्या खुणा असतात. तो कोण, हे तुम्ही सांगायचं नाही. वर्गात एखादं मूल ओळखतंच आणि त्याने शेजाऱ्याच्या कानात कुजबुजलेलं उत्तर तुमच्या व्याख्यानापेक्षा खोल जातं. आठ वर्षांखालच्या मुलांना मात्र ही गोष्ट अजून देऊ नका.

वाचनाची पद्धत साधी ठेवा. वर्गाआधी पूर्ण गोष्ट किमान दोनदा मोठ्याने वाचून बघा, मनात वाचलेली मोजू नका. थांबण्याच्या जागा पेन्सिलने खुणा करून ठरवा, दोनपेक्षा जास्त नकोत. शेवटचं वाक्य वाचून झाल्यावर पूर्ण एक मिनिट गप्प बसा. नवख्या शिक्षकांना हे मिनिट सोसवत नाही आणि नेमकं तिथेच तोंडातून तात्पर्य सांडतं. चाळीस मिनिटांच्या तासात वाचनाला पंधरा, बोलण्याला पंधरा आणि चित्राला किंवा प्रार्थनेला उरलेली दहा. बोलण्याची सुरुवात "कुणी काय केलं?" इथून करा. "का?" नंतर. "आपण काय करावं?" हा प्रश्न त्या दिवशी आलाच नाही तरी चालेल.

हे ढिलेपणाचं वाटत असेल तर शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बघा. योना संदेष्ट्याचं पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं आणि योनाचं उत्तर आपल्याला मिळत नाही. लूक 10 मध्ये, वाटेत जखमी पडलेल्याला दोघे टाळून गेल्यावर मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगून येशू शास्त्र्यालाच विचारतो, या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? उत्तर ऐकणाऱ्याकडून काढून घेतल्यावरच तो म्हणतो, जा, तूही तसंच कर. आपण मात्र "तसंच कर" पासून सुरुवात करतो.

एका मुलावर नेम धरून गोष्ट निवडणे

एका वर्गात एका मुलीची रंगपेटी हरवली. संशय एका मुलावर होता, पुरावा काही नव्हता. पुढच्या रविवारी शिक्षकांनी जक्कय या जकातदाराची गोष्ट घेतली आणि "फसवून घेतलेलं चौपट परत करतो" या वाक्यावर थांबून वर्गाकडे पाहिलं. सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. रंगपेटी मिळाली नाही, त्या मुलाला "जक्कय" हे टोपणनाव मात्र मिळालं आणि ते महिनोन्‌महिने टिकलं.

यात दुहेरी चूक आहे. पहिली उघड आहे: गोष्टीची छडी केली. दुसरी शास्त्राची आहे आणि जास्त गंभीर आहे. लूक 19 मध्ये येशू झाडाखाली थांबतो, जक्कयाला नावाने हाक मारतो, आज तुझ्या घरी उतरणार म्हणतो. लोक कुरकुरतात. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि चौपट भरपाई, हे जक्कय त्यानंतर बोलतो. वर्गात भरपाई आधी मागितली गेली आणि घरी कुणी गेलंच नाही.

कुणी म्हणेल, नाथान संदेष्ट्यानेही दावीद राजाला गोष्ट सांगूनच पकडलं की. पकडलं, पण 2 शमुवेल 12 नीट वाचा. गोष्टीत ना राजा आहे, ना ज्याची बायको त्याने घेतली तो उरीया. आहे फक्त एका श्रीमंताने हिसकावलेली गरिबाची मेंढी. निवाडा दावीद स्वतः करतो आणि मगच "तो मनुष्य तूच" हे शब्द येतात. शिवाय नाथानाला पाठवलं होतं देवाने. आपल्याला कुणी पाठवलं आहे का, हे आधी तपासावं. वर्गात काही घडलं असेल तर त्या विषयाची गोष्ट किमान महिनाभर घेऊ नका. त्या मुलाशी एकटं बोला, गोष्टीशिवाय.

प्रत्येक पात्राला आदर्श बनवणे

"दावीदासारखे शूर व्हा." "याकोबासारखे..." इथे शिक्षक अडखळतात आणि बरंच होतं, कारण उत्पत्ती 27 मध्ये याकोब आंधळ्या बापाशी खोटं बोलून आशीर्वाद घेतो. चलाख मूल विचारणारच, "मग त्याला शिक्षा का नाही झाली?" सोज्वळ आवृत्तीत हा प्रश्नच उगवत नाही. उत्तर द्यायची घाई नको. त्याचा मामा लाबान त्याला कसा फसवतो, ते पुढच्या रविवारी वाचा आणि दोन्ही फसवणुकी शेजारी शेजारी फळ्यावर लिहा.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक 15) तर अर्धी गोष्टच कापली जाते. पैसे उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बापाने दिलेली मेजवानी झाली की टाळ्या. पण हा दाखला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे धर्मपुढारी, कुरकुरले म्हणून सांगितला आहे आणि थोरला भाऊ रागावून बाहेर उभा आहे. बाप त्यालाही समजवायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, ते सांगितलेलं नाही. दर रविवारी वेळेवर येणारी, वचन पाठ असणारी तुमच्या वर्गातली मुलं थोरल्याच्या जागी आहेत, धाकट्याच्या नाही. त्यांनाच विचारा, तो आत गेला असेल का? आणखी एक बारकावा दाखवा. धाकट्याने वाटेत घोकलेल्या भाषणात "मला चाकरासारखं ठेवा" असं होतं. बापासमोर ते वाक्य येतच नाही, त्याआधीच बाप चाकरांना झगा आणायला सांगतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांना दोन्ही ओव्या, 19 आणि 21, समोरासमोर ठेवून फरक शोधायला द्या.

बाकीच्या, थोडक्यात

प्रत्येक सिंहात येशू शोधू नका. लेखक सी. एस. लुईसने आपल्या नार्नियाच्या गोष्टींबद्दल लिहिलं आहे की सुरुवात मनातल्या चित्रांनी झाली: छत्री घेतलेला फॉन (अर्धा माणूस, अर्धा बोकड), घसरगाडीतली राणी, एक भव्य सिंह. "कोण म्हणजे कोण" चा तक्ता भरून घेतला की गोष्टीचं कोडं होतं, आणि सुटलेलं कोडं कुणी परत उघडत नाही.

चित्रमय बायबल मूळ शास्त्राशी ताडून बघा. उत्पत्तीत सफरचंद नाही, मत्तयात बाळ येशूला भेटायला आलेले मागी (ज्ञानी लोक) तीनच होते असं नाही, योनाला गिळणारा "मोठा मासा" आहे, देवमासा असं म्हटलेलं नाही. पुढे मुलाला हे स्वतः कळलं की बाकीच्यावरचाही भरवसा डळमळतो.

धर्म नसलेल्या चांगल्या गोष्टीच्या शेवटी वचन चिकटवू नका. चांगली गोष्ट परकी नसते.

वचन पाठ केल्याबद्दल चॉकलेट देणं बंद करा. शॉर्टकट आहे, आणि चॉकलेट थांबलं की वचनही थांबतं.

दुष्ट पात्र मवाळ करू नका. लांडग्याने शेवटी माफी मागितली असं बदललं की क्षमा स्वस्त होते.

दर रविवारी नवीन गोष्ट हवी हा हट्ट मोठ्यांचा आहे, मुलांचा नव्हे. एकच गोष्ट सलग तीन रविवार घ्या: पहिल्यांदा नुसती वाचा, दुसऱ्यांदा मुलांकडून सांगून घ्या, तिसऱ्यांदा गप्प राहिलेल्या एखाद्या पात्राच्या तोंडून सांगायला लावा.

आणि एखाद्या मुलाने "चुकीचा" अर्थ काढला, म्हणजे थोरल्या भावाचंच बरोबर होतं असं ठासून सांगितलं, तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या रविवारी वाचून दाखवून विचारा, "अजूनही असंच वाटतं का?"