युलटाइडच्या गोष्टी मैत्रिणींना सुचवताना या चुका टाळा

डिसेंबरात कोल्हापूरच्या आसपास गुऱ्हाळं जोरात असतात, आणि आमच्या पाचजणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच चौकशी सुरू होते, "यंदा काय काय आलंय?" दिवाळी अंक तोवर वाचून हातोहात फिरलेले असतात. मग नंबर लागतो युलटाइडचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. युलटाइड ही फॅनफिक्शनची, म्हणजे आवडत्या कलाकृतीतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टींची, नाताळातली भेट-देवघेव. २००३ पासून दरवर्षी होते. ज्या पुस्तकांवर, मालिकांवर, खेळांवर फारसं कुणी लिहीत नाही, अशाच फॅण्डमना, म्हणजे त्या कलाकृतींच्या चाहत्यांच्या जगाला, इथं जागा. आपल्याला कशा गोष्टी आवडतात ते भाग घेणारा पत्रात लिहितो, कुणीतरी अनोळखी माणूस ते पत्र वाचून त्याच्यासाठी किमान १००० शब्दांची गोष्ट लिहितो. २५ डिसेंबरला गोष्टी खुल्या होतात, लेखकांची नावं मात्र १ जानेवारीला. २००९ पासून हे सगळं 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅनफिक्शनच्या संकेतस्थळावर, म्हणजे एओथ्रीवर चालतं.

एका माणसासाठी इतक्या निगुतीनं लिहिलेली गोष्ट आपण दुसऱ्या कुणाच्या हातात देतो, तेव्हा आपणही थोडी निगा राखायला हवी. मी काही वर्षं या शिफारशी करते आहे आणि खालच्या बहुतेक चुका माझ्या हातून झाल्या आहेत.

"लई भारी आहे, वाचाच!"

एवढंच लिहून लिंक टाकली की ती कुणी उघडत नाही. युलटाइडमध्ये तर नाहीच, कारण इथली मूळ कलाकृतीच अनेकांनी पाहिलेली किंवा वाचलेली नसते. समोरचीच्या मनात पहिला प्रश्न येतो, "मला यातलं काही ठाऊक नाही, मला कळेल का?" त्याचं उत्तर पहिल्या ओळीत द्या. काही गोष्टी मूळ माहीत नसतानाही स्वतंत्र कथेसारख्या वाचता येतात, काहींना पात्रांची तोंडओळख पुरते, आणि काहींचा सगळा जीवच मूळच्या एखाद्या प्रसंगात असतो. तिसऱ्या प्रकारची गोष्ट कितीही सुंदर असली तरी नवख्या माणसाला देऊ नका. ती बिचारी दोन पानं वाचेल आणि दोष स्वतःला देईल.

समजा, गोष्ट महाभारतावरची आहे. विराटाच्या घरी सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी सुदेष्णेचे केस विंचरते आहे, आणि सगळी गोष्ट त्या एका रात्रीत घडते. मी पूर्वी लिहिलं असतं, "द्रौपदीवर अप्रतिम, शेवटी रडले." आता असं लिहीन:

"महाभारत, अज्ञातवास. साधारण ३००० शब्द, अर्ध्या तासात होते. मूळ कथा घरात ऐकलेली आहे तेवढी पुरे. दुसरीचे केस बांधताना स्वतःच्या मोकळ्या केसांचा विचार मनात येतो, ते फार हळुवार लिहिलंय. कीचकाचा प्रसंग दाखवलेला नाही, पण त्याची भीती सगळीकडे आहे. इंग्रजी सोपं. संवाद कमी, त्यामुळं घाईत वाचू नका."

यात शेवट सांगितलेला नाही. तरीही ही गोष्ट आपल्यासाठी आहे की नाही, हे वाचणारीला कळतं. महाभारतावर सुरुवात करण्याचा आणखी एक फायदा आहे. फॅनफिक म्हणजे काय, हेही ज्यांना ठाऊक नाही त्या आत्या-मावश्यांनाही तो सगळा गोतावळा पाठ असतो.

इशाऱ्याची ओळ चुकीची वाचणं

ही चूक मला सगळ्यात जड गेली, म्हणून इथं जरा थांबते.

एओथ्रीवर गोष्टीच्या वर इशाऱ्यांची जागा असते. ठळक हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांचे लैंगिक संबंध या चार बाबींसाठी ठरलेले इशारे आहेत. त्याशिवाय दोन पर्याय दिसतात आणि नवखी माणसं ते एकच समजतात. "नो आर्काइव्ह वॉर्निंग्ज अप्लाय" म्हणजे या चारांपैकी गोष्टीत काही नाही. "क्रिएटर चोज नॉट टू यूज आर्काइव्ह वॉर्निंग्ज" म्हणजे इशारा न देण्याचं लेखकानं ठरवलंय. आत काहीही असू शकतं, चारही असू शकतात, एकही नसेल.

मी दुसरी ओळ पहिलीसारखी वाचली. गोष्ट बाप-लेकीच्या प्रवासाची होती, सुरुवात अगदी मायेची. अर्धी वाचून आवडली म्हणून तशीच वहिनीला पाठवली. शेवटाकडं बाप जातो. वहिनीचे वडील त्याच दिवाळीत गेले होते. दुसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "चांगली हाय ताई, पण रात्रभर झोप न्हाई लागली." तेव्हापासून माझा नियम आहे: पूर्ण वाचल्याशिवाय कुणाला पाठवायची नाही, आणि इशारा न देणारी गोष्ट असेल तर पाठवण्याआधी विचारायचं, "यात मृत्यू आहे, चालेल का?" रहस्य थोडं फुटलं तरी फुटू दे.

रेटिंगही पाहा. "नॉट रेटेड" म्हणजे लहानांना चालेल असा अर्थ होत नाही. घरच्या ग्रुपवर टाकण्याआधी हे तपासाच.

लिंकऐवजी पीडीएफ पाठवणं

एओथ्रीवरून ईपब किंवा पीडीएफ उतरवून घेता येते, आणि गावाकडं रेंज नसताना ती सोय मोलाची आहे. पण ती स्वतःसाठी. फाइल पुढं ढकलली की कुडोज (एओथ्रीवरचे 'लाइक') आणि प्रतिक्रिया लेखकापर्यंत पोचतच नाहीत, आणि पैसे न घेता लिहिणाऱ्या माणसाला मिळतं ते तेवढंच. शिवाय लेखकानं नंतर सुधारणा केली किंवा गोष्ट काढून घेतली, तरी आपली फाइल फिरतच राहते.

"लिंक उघडत नाही" अशी तक्रार आली तर कारण बहुधा यातलंच एक असतं. लॉग-इनचं पान आलं तर गोष्ट फक्त खातेदारांसाठी आहे. खातं फुकट आहे, पण निमंत्रणासाठी नाव नोंदवून काही दिवस थांबावं लागतं, म्हणून ते डिसेंबरच्या आधीच करून ठेवा. प्रौढांसाठीच्या मजकुराची सूचना आली तर तिथं पुढं जाण्याचं बटण असतं. गोष्ट मधूनच सुरू झाली तर तुम्ही एका प्रकरणाची लिंक पाठवली आहे. पत्त्यातला "चॅप्टर्स"पासूनचा भाग खोडून पाठवा. आणि तुमच्या बुकमार्कमधल्या शिफारशी कुणालाच दिसत नसतील, तर "प्रायव्हेट"वरची खूण काढा आणि "रेक"वर (म्हणजे शिफारस) करा.

नाव फोडणं

२५ डिसेंबर ते १ जानेवारी लेखक निनावी असतात. शैलीवरून ओळखलं तरी चारचौघांत बोलू नका, हा आठवडा त्यांचा आहे. मात्र १ तारखेनंतर आपल्या जुन्या शिफारशींत जाऊन नावं भरा. हे काम बहुतेकजण विसरतात, आणि मग गोष्ट फिरते पण लिहिणाऱ्याचं नाव मागंच राहतं.

फक्त कुडोजचे आकडे बघणं

जास्त कुडोजवाल्या गोष्टी बहुधा त्यातल्या त्यात मोठ्या फॅण्डमच्या असतात. ज्या फॅण्डमला वाचकच दहा, तिथल्या उत्तम गोष्टीला दहाच कुडोज मिळणार. मी दरवर्षी मुद्दाम तळातून वाचायला सुरुवात करते. १००० शब्दांहून लहान गोष्टी "युलटाइड मॅडनेस" नावाच्या वेगळ्या संग्रहात असतात. तिकडंही डोकवा, बसच्या थांब्यावर वाचून होतील अशा असतात.

आणि एका वेळी तीनच सुचवा. तीस लिंकांची यादी कुणी वाचत नाही. आम्ही जानेवारीच्या पहिल्या रविवारी रंकाळ्यावर भेटतो, प्रत्येकीनं तीन गोष्टी आणायच्या आणि कुणासाठी आणल्या तेही सांगायचं.

जुन्या गोष्टीवर प्रतिक्रिया न देणं

"तीन वर्षं झाली, आता काय लिहायचं" असं वाटतं. लिहा. फक्त दोष दाखवू नका, ती कुणाला तरी दिलेली भेट आहे. "पुढचा भाग कधी?" असंही विचारू नका.

माझ्या आत्याला इंग्रजी वाचता येत नाही. मागच्या थंडीत मी तिला कुंतीवरची एक जुनी गोष्ट मराठीत सांगत सांगत वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्या बाईला सांग, नदीत पेटी सोडताना तिनं आधी पाण्यात हात घालून बघितला, ते लई खरं वाटलं. आईच असं करती." मी ते इंग्रजीत करून प्रतिक्रियेत टाकलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं: ते वाक्य लेखिकेनं तीनदा काढलं होतं आणि तीनदा परत घातलं होतं. आत्यानं ते उत्तर माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.