गोष्टीतली शिडी कुठं ठेवायची

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं मिरची कांडप आहे. मार्च ते मे मान वर करायला सवड नसते आणि पावसाला सुरुवात झाली की मुसळं गप्प होतात. मग मी गोष्टी लिहिते. दिवाळी अंकांना साहित्य पाठवायचे दिवसही तेच, त्यामुळं बरं जमतं. सतरा वर्षांत तेवीस गूढकथा छापून आल्या. परत आलेल्या मोजल्या नाहीत. चटणी होईपर्यंत थांबलेली गिऱ्हाइकं आता विचारतात, "वहिनी, आमच्या पोरीला लिहायचंय, अंगावर काटा येईल असं कसं लिहायचं?" त्यांना जे तुकड्यातुकड्यानं सांगते, ते इथं एकत्र लिहिते.

आधी शेवटच्या ओळीतल्या धक्क्याचा मोह सोडा. माझ्या पहिल्या गोष्टीत सून सासूच्या चटणीत विष कालवते आणि शेवटी कळतं की सासूनं डबे बदललेले होते. संपादकांनी दोन ओळींचं पत्र पाठवलं: दोन सारखे डबे दिसले तिथंच शेवट कळला. ते खरंच होतं. पण त्याहून मोठी चूक त्यांच्याही लक्षात आली नव्हती. चटणीची बरणी अख्ख्या घराची असते. त्यात विष घातलं तर सासूच्या आधी नवरा आणि पोरं जेवायला बसतील. दिवसभर चटणीच कांडणाऱ्या बाईला हे सुचू नये! तेव्हापासून गोष्टीतला प्रत्येक अपघात, प्रत्येक गुन्हा मी त्या धंद्यातल्या माणसाला विचारून घेते. "असं होईल का हो?" म्हटलं की लोक फार आनंदानं सांगतात. गुऱ्हाळावरच्या एका गुळव्यानं उकळत्या काहिलीबद्दल मला इतकं सांगितलं, की ती गोष्ट मी अजून लिहिलेली नाही.

धक्का नको, तर मग काय? रहस्यपट काढणाऱ्या हिचकॉकनं १९६२ साली त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या मुलाखतीत याचं उत्तर आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे कुणालाच माहीत नसेल, तर तो फुटल्यावर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. प्रेक्षकाला माहीत असेल आणि टेबलावरच्या माणसांना नसेल, तर त्यांच्या साध्या गप्पाही पंधरा मिनिटं जीव खातात. वाचकाला जास्त माहिती आणि पात्राला कमी, एवढीच ती युक्ती.

आपल्याकडं बॉम्ब लागत नाही. पंचगंगेच्या काठी आकडे पुरतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथं शाळेतलं पोरही सांगतं. माझ्या एका गोष्टीत नदीकाठच्या गावातला एक माणूस आहे. त्याच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ मारलेली आहे. तो सगळ्यांना सांगतो, "ह्याच्या वर पाणी जात न्हाई, गेलेलं न्हाई." घरातली कागदपत्रं, धान्य, म्हातारी आई, सगळं तो रेघेच्या वर माळ्यावर चढवतो. गोष्टीच्या डोक्यावर मी फक्त एवढंच लिहिलं: ऑगस्ट २०१९. त्या साली पाणी २००५ च्याही वर गेलं हे वाचकाला माहीत आहे, त्या माणसाला नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी खुलासा घालायचा मोह झाला होता. घातला नाही. ज्याला कळेल त्याला पहिल्या ओळीपासून कळेल, बाकीच्यांना निम्म्यावर.

आता काळोख. नवीन लिहिणारे इथं एक दुष्ट माणूस आणतात. ह्याच गोष्टीत मीही आणला होता, घरावर डोळा ठेवून असलेला धाकटा भाऊ. तीन पानं लिहिल्यावर दिसलं की गोष्टीची पोलीस केस झालीय. वाचक भावावर राग काढून मोकळा होतो. मग भाऊच काढून टाकला आणि शोधलं, की ह्या मोठ्या मुलाचं आईवरचं प्रेमच घात कसा करील? उत्तर शिडीत सापडलं. आई मागच्याच महिन्यात शिडीवरून घसरलेली असते, पायाला पट्टी असते. आपण म्हैस उंचावर पोचवून येईपर्यंत ती एकटी खाली उतरायला जाईल, पडेल, म्हणून तो शिडी काढून परड्यातल्या गोठ्यात ठेवतो. तो काळजी घेतो, बाकी काही करत नाही. (पुरात माणसं जनावरांना टाकून जात नाहीत, हे नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीकडं कुणालाही विचारा. त्यामुळं म्हैस मला वेगळी पटवून द्यावी लागली नाही.)

शिडी कुठं ठेवायची, म्हणजे कागदावर, यात माझे आठ दिवस गेले. शिडी दोनदाच येते. पहिल्यांदा आईच्या पायाच्या निमित्तानं, म्हणजे वाचकाचं लक्ष पायाकडं राहतं. दुसऱ्यांदा ती उचलताना, पण त्या वाक्यात जोर म्हशीच्या हंबरण्यावर आहे आणि शिडी मधेच निसटून जाते. तिसऱ्यांदा तिचं नाव काढलं की खेळ संपला. लेखकाला वाटतं वाचक विसरला असेल. वाचक विसरत नाही.

आयरनीला, म्हणजे म्हणायचं एक आणि निघतं भलतंच याला, मराठीत एक शब्द नाही. बोलण्यातली असेल तर आपण उपरोध म्हणतो, नशिबानं केलेली असेल तर दैवाचा खेळ म्हणतो. पण मला सगळ्यात उपयोगी पडते ती तिसरी तऱ्हा: रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द, जो बोलणाऱ्याला साधा वाटतो आणि वाचकाला टोचतो. माळ्यावर चढताना आई म्हणते, "चला, एकदाची वर चालले." मुलगा हसतो. तिला एकटीला सोडताना त्याचा पाय निघत नाही, तर ती म्हणते, "जा की, मला काय धाड भरलीया?" आपल्या म्हाताऱ्या असंच बोलतात. अशी वाक्यं एका गोष्टीत दोनच. तिसरं आलं की लेखक कोपरानं ढोसतोय असं वाटतं.

खूण लपवायची असेल तर जिथं तिला दुसरं कारण आहे तिथं ठेवा. आमच्या कांडपावर सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येतं, ठसका लागतो. त्यामुळं खरोखर रडणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही. मीही एकदा विचारलं नव्हतं. त्यावर गोष्ट झाली, पण बाई, गल्ली, साल, सगळं बदलून. आपल्या पेठेतलं खरं मरण जसंच्या तसं उचलू नका. ती माणसं उद्या मिरची घेऊन दारात येतात.

शेवट. पहिल्या खर्ड्यात नाव जात होती, माळ्यापर्यंत पोचत होती, दोन पानं काय काय सापडत होतं. सगळं खोडलं. आता गोष्ट शाळेतल्या छावणीत संपते. वही घेतलेला पोरगा विचारतो, "घरात कोण अडकलंय का?" तो म्हणतो, "आई हाय. पण ती माळ्यावर हाय, तिची काळजी न्हाई. म्हशीला कुठं वैरण मिळंल का?" तिथं मी पेन ठेवलं. भयानक ते कागदाबाहेर असलेलं बरं, आणि मेलेल्या माणसाची चेष्टा तर कधीच नको. मुलाला कळण्याच्या आधी थांबायचं. त्याला कळलं की तो रडणार, आणि तो रडला की वाचकाला रडायची गरज उरत नाही.

लिहून झालं की मोठ्यानं वाचा, शक्यतो साहित्याशी संबंध नसलेल्या माणसापुढं. मी आमच्याकडं मिरचीची देठं काढायला येणाऱ्या मावशींना वाचून दाखवते. त्या मधेच "मग?" म्हणाल्या तर तिथं गोष्ट चांगली चाललीय. "म्हंजे?" म्हणाल्या तर तिथं खूण करून ठेवते. शिडीच्या गोष्टीला त्या एकदाच "मग?" म्हणाल्या, म्हैस निघाली तेव्हा. शेवट ऐकून काही बोलल्या नाहीत, पदर झटकून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी तासभर उशिरा आल्या. का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "पोराकडनं माळ्याची शिडी परत लावून घेतली."