नोकरीच्या संदेशातली फसवणूक: या चुका टाळा

फसवा संदेश त्याच्या मोडक्यातोडक्या भाषेवरून ओळखता येतो, ही समजूत आता सोडून द्यायला हवी. लेखनाला मदत करणारी साधने सर्वांच्या हाती आल्यापासून ठकांचे लेखनही निर्दोष झाले आहे, आणि उलट घाईत लिहिणाऱ्या खऱ्या भरती अधिकाऱ्याच्या संदेशातच चुका सापडू शकतात. संदेश कसा लिहिला आहे यापेक्षा तो आपल्याला काय करायला लावतो आहे, हे पाहणे अधिक भरवशाचे आहे.

प्रोफाइलवर विसंबणे ही दुसरी चूक. २०२२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांना लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळावर संगणकाने घडवलेले चेहरे लावलेली हजाराहून अधिक प्रोफाइल आढळली होती. सामायिक ओळखींनाही फारसा अर्थ नसतो. त्या व्यक्तीची विनंती आपल्या परिचितांनीही न पाहता स्वीकारली, एवढेच बहुधा त्यातून सिद्ध होते. लिंक्डइनवर प्रोफाइलविषयीची माहिती उघडल्यास खाते कोणत्या महिन्यात सुरू झाले ते दिसते. पंधरा वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याचे खाते दोन महिन्यांपूर्वीचे असेल, तर शंका घ्यावी. मात्र खाते जुने आहे म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण जुनी खाती चोरली जातात. खात्री करायचीच असेल, तर कंपनीचे संकेतस्थळ स्वतः शोधावे आणि तिथे दिलेल्या पत्त्यावर त्या पदाची चौकशी करावी.

संभाषण लगेच व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर नेण्याची विनंती बऱ्याच जणांना निरुपद्रवी वाटते. वास्तविक त्यामागचा हेतू सरळ असतो: लिंक्डइनची देखरेख आणि तक्रारीची सोय तिथे पोहोचत नाही. खरे भरती अधिकारीही पुढे फोनवर बोलतात, हे मान्य. पण कंपनीच्या ईमेलवरून लिहिण्यास त्यांची सहसा हरकत नसते.

सर्वांत महाग पडणारी चूक फाइल उघडण्याची आहे. ईसेट या सुरक्षा कंपनीने २०२० साली उघड केलेल्या एका प्रकरणात हल्लेखोरांनी लिंक्डइनवर नामांकित कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागाचे सोंग घेऊन विमान व संरक्षण क्षेत्रातील कर्मचाऱ्यांशी संपर्क साधला आणि त्यांना पासवर्ड लावलेली संकुचित (कॉम्प्रेस्ड) फाइल पाठवली. ती उघडताच पडद्यावर वेतनाचा तपशील दिसे, आणि वाचणारा आकडे पाहण्यात गुंतला असताना मागे संगणकाचा ताबा घेण्याची तयारी सुरू होई. पासवर्ड लावण्याचे कारण गोपनीयता नव्हे. कुलूपबंद फाइलच्या आत विषाणूरोधक प्रणालीला डोकावता येत नाही. सॉफ्टवेअर क्षेत्रातील उमेदवारांना याच धर्तीवर ‘चाचणी’ म्हणून कोड चालवायला दिला जातो. तो आपल्या नेहमीच्या यंत्रावर चालवू नये.

दुव्यांच्या बाबतीत एक गैरसमज आहे. लिंक्डइनचा लघुदुवा, म्हणजे लांब पत्त्याचे छोटे रूप, दिसला म्हणजे आतले पानही सुरक्षित, असे मुळीच नाही. तो कोणत्याही पत्त्यासाठी तयार होतो. दुवा उघडल्यावर पूर्ण पत्ता वाचावा, आणि पासवर्ड मागणारे पान पुढे आल्यास ते बंद करून संकेतस्थळावर आपल्या नेहमीच्या मार्गाने जावे.

प्रशिक्षण, लॅपटॉप किंवा कागदपत्रांच्या पडताळणीसाठी पैसे मागितले, तर पुढे विचार करण्यासारखे काही उरत नाही.

चूक होऊन गेली असल्यास क्रम महत्त्वाचा ठरतो. पैसे गेले असतील, तर सर्वांत आधी बँकेला कळवावे. फाइल उघडली असेल, तर यंत्राचे इंटरनेट तोडावे आणि पासवर्ड दुसऱ्या, सुरक्षित यंत्रावरून बदलावेत. त्यानंतर खात्याच्या सेटिंगमधून सर्व ठिकाणचे लॉगिन बंद करून द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज ओळखीचा दुसरा पुरावा मागण्याची सोय, सुरू करावी. संभाषण रागाने पुसून टाकू नये, कारण तक्रारीसाठी तोच पुरावा असतो. यंत्र कार्यालयाचे असेल, तर तांत्रिक विभागाला त्याच दिवशी सांगावे. दुसरी नोकरी शोधत होतो हे कबूल करावे लागेल, या संकोचाने अनेक जण गप्प राहतात आणि हल्लेखोरांना नेमका तोच अवधी हवा असतो. काही दिवसांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ असे सांगत शुल्क मागणारा कोणी आला, तर त्यालाही उत्तर देऊ नये. फसलेल्यांची यादी ठकांमध्ये विकली जाते.