१९०१चा मिशिगनचा हंगाम: जुना स्कोअर कसा वाचावा

मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने १९०१च्या हंगामात ११ सामने खेळले, ११ही जिंकले, ५५० गुण केले आणि समोरच्याला एकही गुण दिला नाही. हे विद्यापीठ जिथे आहे त्या अ‍ॅन आर्बरला लेकीकडे राहायला आल्यापासून हे आकडे मी कितीतरी जणांकडून ऐकले. पुण्यात क्लब क्रिकेटच्या सामन्यांना मी बरीच वर्षं स्कोअरर म्हणून बसायचो. नुसत्या निकालाने माझं समाधान होत नाही, गुण कसे झाले ते कळायला हवं. त्या काळातला एखादा हंगाम असा उलगडायचा असेल, तर मी वापरतो ती रीत सांगतो.

आधी त्या वर्षाचे नियम कागदावर उतरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. आजचे नियम डोक्यात ठेवून बसलात तर पहिल्याच सामन्याचा हिशेब जुळणार नाही. १९०१ साली टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचे, ५ गुण, त्यानंतर किक मारून साधलेल्या गोलचा १, फील्ड गोलचेही, म्हणजे चालू खेळात किक मारून चेंडू गोलच्या खांबांमधून पाठवण्याचे, ५ आणि सेफ्टीचे २, म्हणजे आपल्याच गोलरेषेमागे चेंडूसकट पकडले गेलात की समोरच्याला २. मैदान ११० यार्डांचं. तीन डाउनमध्ये, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या तीन प्रयत्नांत, ५ यार्ड सरकायचं. पुढे पास फेकायला मनाई. म्हणजे चेंडू छातीशी धरून गर्दीत घुसायचं, कडेने पळायचं किंवा किक मारायची, एवढंच हातात.

आता सामने तारखेच्या क्रमाने लिहा. ऑल्बियन ५०, केस ५७, इंडियाना ३३, नॉर्थवेस्टर्न २९, बफेलो १२८, कार्लाइल २२, ओहायो स्टेट २१, शिकागो २२, बेलॉइट ८९, आयोवा ५० आणि स्टॅनफर्ड ४९. प्रत्येकापुढे शून्य. बेरीज स्वतः करून पाहा, ५५० येते. स्टॅनफर्डचा सामना १ जानेवारी १९०२ला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात झाला, तरी तो १९०१च्याच पानावर जातो, कारण हंगाम शरद ऋतूच्या वर्षाने ओळखला जातो.

मग एकेक आकडा फोडायला घ्या. मला सगळ्यात जास्त आनंद इथे मिळतो. पॅसाडेनाचे ४९ घ्या. ८ टचडाउनचे ४०, चार गोल साधले त्याचे ४ आणि एका फील्ड गोलचे ५. त्या आठांतले पाच टचडाउन मिशिगनच्या एकट्या नील स्नोचे. हाच खेळ आजच्या मोजणीने मांडला तर ४८ अधिक ४ अधिक ३, म्हणजे ५५ होतात. म्हणून १९०१चे आणि आजचे स्कोअर शेजारी ठेवून तुलना कधीही करू नका. तुलना टचडाउनच्या संख्येची करा.

जिथे सविस्तर वर्णन हाताशी नसेल तिथेही आकडा बोलतो. बफेलोचे १२८ पाहा. एका वेळी, टचडाउन आणि त्यानंतरचा गोल धरून, जास्तीत जास्त ६ गुण मिळू शकत होते. २१ वेळा सगळं साधलं तरी १२६च होतात. म्हणजे मिशिगनने निदान २२ वेळा तरी गुण घेतले असलेच पाहिजेत.

पण १२८मध्येच अडकून राहू नका. समोर कोण होतं, ते शेजारच्या रकान्यात लिहा. ऑल्बियन आणि बेलॉइट ही छोटी कॉलेजं, त्यांच्याविरुद्धचे आकडे फुगणारच. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी असलेल्या कार्लाइलच्या शाळेचा संघ पॉप वॉर्नर तयार करत होता आणि शिकागोचा संघ एमोस अलोन्झो स्टॅग. तिथे मिशिगन २२वर थांबलं. माझ्या मते या हंगामाची खरी थोरवी त्या २१-२२च्या सामन्यांत आहे, कारण अशा संघांनाही एक गुण मिळू दिला नाही.

वेळेचा रकाना हवाच. नियमाने ३५ मिनिटांचे दोन भाग होते, पण दोन्ही बाजूंच्या संमतीने भाग छोटे करायची पद्धत होती, दुबळ्या संघाविरुद्ध तर विशेष. पॅसाडेनात स्टॅनफर्डनेच विनंती केल्यावर ८ मिनिटं शिल्लक असताना खेळ थांबला. मिशिगनने त्या दिवशी अकरा माणसं उतरवली आणि त्याच अकरांनी शेवटपर्यंत सामना खेळून काढला. हे वाचलं की मी अजूनही थक्क होतो. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांचा मिशिगनमधला हा पहिलाच हंगाम, आणि आदल्या वर्षी ते स्टॅनफर्डलाच शिकवत होते. मिशिगनचा खेळाडू विली हेस्टन तर त्यांच्या मागोमाग कॅलिफोर्नियाहून आला. प्रशिक्षक कुठून आले आणि कोण त्यांच्यासोबत आलं, हे समासात टिपून ठेवा. पुष्कळ गोष्टींचा उलगडा तिथे होतो.

माहितीसाठी विद्यापीठाच्या बेंटली ऐतिहासिक ग्रंथालयाचे वर्षवार तक्ते पाहा. विद्यार्थ्यांच्या दैनिकाचे जुने अंकही इंटरनेटवर वाचता येतात. तक्त्यातून आकडा घ्या आणि अंकातून खेळाचा क्रम.

हात बसला की दोन छोटे स्कोअर सोडवा. १९०३चा मिनेसोटाविरुद्धचा ६-६: दोघांचा एकेक टचडाउन आणि एकेक गोल. दुसरा १९०५चा, शिकागोकडून ०-२ अशी हार. २ गुण सेफ्टीनेच मिळतात, त्यामुळे वर्णन न वाचताही कळतं की मिशिगनचा माणूस आपल्याच गोलरेषेमागे सापडला. ५६ सामने न हरलेला संघ तिथे थांबला.

त्यानंतर नवं पान घ्या आणि नियमांचा नवा कागद चिकटवा. १९०५मध्ये मैदानावर मुलं दगावल्यामुळे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लक्ष घालावं लागलं होतं. १९०६पासून पुढे पास फेकायला परवानगी मिळाली आणि तीन डाउनमध्ये ५ऐवजी १० यार्ड काढावे लागू लागले. फील्ड गोल १९०४मध्येच ४वर आला होता, १९०९मध्ये ३वर आला. टचडाउनचे ६ गुण, चौथा डाउन आणि १०० यार्डांचं मैदान १९१२मध्ये आलं, तिथे आणखी एक पान.